मामांनी न उघडलेलं बॉनेट

आमचे मामा वांगं घेताना देठ मोडून बघायचे, नारळ कानाशी नेऊन हलवायचे आणि कोथिंबिरीची जुडी सोडवून आतली पानं तपासायचे. भाजीवाल्या मावश्या त्यांना लांबून बघूनच कपाळाला हात लावायच्या. अशा माणसानं आयुष्यातली पहिली मोटार घेतली ती बॉनेट न उघडता! का, तर गाडी मुरगूडच्या याह्यांची, म्हणजे त्यांच्या सुरेखाच्या सासऱ्यांची. "पोरीच्या सासऱ्याम्होरं बॉनेट उघडू? मग त्यो मानूस माज्या पोरीला नीट वागवंल व्हय रं?" हा त्यांचा हिशेब.

गाडी आणायला मीही गेलो होतो. जुनी, लांबलचक डिकीची पांढरी गाडी. सहज बॉनेटवर हात टेकला, तर तापलेलं. गाडी म्हणे कालपासून दारातच उभी होती! थंड इंजिन चालू करताना निळा धूर ओकेल, म्हणून आमच्या येण्याआधीच तापवून ठेवलेलं. मी मामांना डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी मुकाट पोहे खाल्ले. याही सांगत होते, "इंजान म्हंजी वाघ हाय, पावणं!" वाघ कसला, डोंबल!

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापुरातली आमची सगळी गल्ली खोकली. शेजारी विचारू लागले, "मामा, गुऱ्हाळ काढलंय व्हय?" गाडी पेट्रोलबरोबर ऑइलही पीत होती. उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं इंजिन बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पिस्टनच्या रिंगा गेल्यात, ब्लॉक घासलाय. ह्यात पैसा घालू नका, मामा. विकून मोकळं व्हा." मामा म्हणाले, "धूर सांगून विकली तर याह्याची अब्रू जाती, न सांगता विकली तर माझी. ऱ्हाऊ दे." ते ऐकून मला त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं आणि त्यांचं डोकंही फोडावंसं वाटलं.

एकदा गगनबावड्याच्या रस्त्यावर गाडी उकळून बंद पडली. धो धो पाऊस, मागच्या सीटवर मामी, आणि मी नि मामा गाडी ढकलतोय. नेमका तेव्हाच याह्यांचा फोन. "काय म्हणतीया गाडी?" भिजून चिंब झालेले मामा म्हणाले, "झ्याक! पळतीया की!" माझं डोकंच फिरलं. रस्त्यातच ओरडलो, "किती सोसायचं, मामा? लाज नाही वाटत त्या माणसाला, आणि तुम्हाला?" ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुला पोरगी न्हाय, मर्दा."

गेल्या वर्षी मामा गेले. झोपेतच गेले. दिवसकार्याला मुरगूडचे याही आले आणि चार माणसांत त्या गाडीवर हात ठेवून म्हणाले, "पावण्यानं जिवापाड जपली हो! आमचा मालच तसा हुता." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथं बोललो असतो तर मामींना त्रास झाला असता, म्हणून सुरेखाला परसात बोलावलं आणि सगळं ओकलो. रिंगा, धूर, पावसातला फोन, सगळं. तुझ्या बापानं तुझ्यापायी काय काय गिळलंय ते तुला कळू दे, म्हटलं.

ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला ठावं हाय, दादा. त्या सकाळी सासऱ्यांनी गाडी तापवली ती म्या सैपाकघरातनं बघितली. माजं आबा गाडी न्यायला आलं की मला एकटीला बाजूला घेऊन इचारतील, मग सांगायचं, असं ठरवलंवतं."

"मग?"

"गाडीचं कायबी इचारलं न्हाय. जाताना निस्तं म्हणालं, बरी हाईस न्हवं? म्या व्हय म्हटलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तेबी खोटंच हुतं."