एक जूनची माणसे

महाडच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत हैदरचाचांना जर्मन येते हे सगळ्यांना ठाऊक होते, पण त्या विद्येचे कोणाला कधी काम पडले नव्हते. फार तर एखाद्या यंत्राबरोबर आलेले माहितीपत्रक वाचून घ्यायला कोणी यायचे. म्हणून वरंधच्या अक्षदाने पुण्याहून फोन केला, की काही जुने जर्मन कागद दाखवायचे आहेत, तेव्हा चाचांना मनातून बरेच वाटले. पोरगी इतिहासात पीएचडी करत होती.

ती शुक्रवारी नमाजानंतर आली. रहिमाचाचींनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"गो, पुन्यात जेवन मिलत नाय का? वारा आला तर उडून सावित्रीत पडशील."

"मेसचं जेवण, चाची."

"मग बस. घावन घालते."

चाची आत गेल्या. अक्षदाने पिशवीतून दोन पानांच्या प्रती काढल्या. "चाचा, लिंडनर साहेब आठवतात?"

न आठवायला काय झाले! चाचांचे सगळे आयुष्य त्या माणसाने वळवले होते. साहेब आले तेव्हा चाचा विशीच्या आसपास होते, बापाच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढत होते. जमिनीत कोणता धातू आहे ते शोधायला आलो आहे, असे साहेब सांगत. कापडे गावाला त्यांनी स्वखर्चाने विहीर खोदून दिली. तिला लोक अजून साहेबाची विहीर म्हणतात. त्यांनीच हैदरला जर्मन शिकवले आणि हँबुर्गच्या बोटीवर चिकटवून दिले. बदल्यात काय मागितले? तर पत्रे. "बंदरावर काय काय पाहतोस ते मला लिहीत जा. तुझी भाषा सुधारेल." हैदरने एडनहून लिहिले, बसऱ्याहून लिहिले, कराचीहून लिहिले. कोणत्या बोटी उभ्या होत्या, काय उतरवत होते, शिपाई किती होते. साहेब चुका दुरुस्त करून पाठवत. बापानेही एवढी माया केली नव्हती.

"त्यांचं खरं नाव हाउक असावं," अक्षदा म्हणाली. "युद्धाच्या वेळी हाउक हिटलरच्या पोलिसांत होता. पोलंडमधल्या एका गावातली माणसं त्याने ट्रकमध्ये भरून जंगलात नेली. परत कोणी आलं नाही. युद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या गुप्तहेर खात्याने अशी बरीच माणसं पदरी घेतली. ह्या पानांवर म्हटलंय, की हाउक हाच लिंडनर, आणि ही त्याची इथली माणसं."

"मग झालं की."

"झालं कसलं? साहेबांच्या घरचे म्हणतात, कागद बनावट आहेत. पूर्व जर्मनीवाले पश्चिम जर्मनीची बदनामी करायला असे खोटे कागद पसरवायचे, ते खरंही आहे. तिथल्या तज्ज्ञांनी टाइप तपासला, कागद तपासला; एक म्हणतो खरा, दुसरा म्हणतो खोटा. शेवटी पारडं खोट्याकडे झुकलं ते ह्याच्यावरून." तिने दुसऱ्या पानावर बोट ठेवले.

पाच माणसे होती, नावे नव्हती. प्रत्येकापुढे थोडी माहिती आणि जन्मतारीख. पाचांतल्या चौघांची एक जून.

"ते म्हणतात, एकाच भागातल्या चौघांचा वाढदिवस एकाच दिवशी असेल कसा? बनवणाऱ्याने आळस केलाय."

चाचांना हसू फुटले. "अगं, आपल्याकडं सगळेच एक जूनचे!"

"माझे बाबाही," अक्षदाही हसली. "मास्तरांनी शाळेत घालताना लिहून टाकलेली. मी त्यांना तसं कळवलं. ते म्हणाले, प्रथा असेल, पण तेवढ्यावर भागणार नाही. ह्या पानावरचा एक तरी माणूस दाखवा. तुम्ही साहेबांजवळ होतात, म्हणून आले. ह्यातला कोणी ओळखता येतो का, बघा ना."

चाचांनी चष्मा पुसून पान जवळ धरले. तिसरी नोंद अशी होती: मुसलमान तरुण, महाड, बाप सायकली दुरुस्त करतो, जर्मन शिकवले, बोटीवर ठेवला. जन्म एक जून एकोणीसशे अठ्ठेचाळीस. त्यापुढे एक ओळ होती. पत्रे कशासाठी लिहितो हे त्याला माहीत नाही. माहीत होऊ देऊ नये.

चाचांनी पान पालथे ठेवले.

नातू अर्शदला कतारात नोकरी लागली होती. पासपोर्टसाठी पोलिसांची चौकशी व्हायची होती. परवाच हवालदार येऊन चहा पिऊन गेला होता. "चाचा, तुम्ही फिरलेले. बाहेरच्या कोणाशी काही संबंध? हल्ली बघावं लागतं," असे तो हसत म्हणाला होता. तेव्हा ते हसू साधे वाटले होते. आता कानात पुन्हा वाजले, तेव्हा वेगळेच लागले. परक्या देशाच्या हेराला पत्रे लिहिणारा मुसलमान. उद्या छापून आले, तर 'त्याला माहीत नव्हते' ही ओळ वाचणार कोण?

"नाही," चाचा म्हणाले. "नाही ओळखू येत."

अक्षदाने मान हलवली आणि पाने गोळा केली. "मग कागद खोटेच ठरणार. पोलंडमधल्या त्या गावातली एक बाई अजून जिवंत आहे, नव्वदीची. तेव्हा ती आपल्याकडं भाताच्या पेंढ्यांच्या उडवीत दडावं तशी गवतात दडली होती. तिच्या नातीला मी आज कळवते."

ती चपला घालत होती. चाचांना वाटले, आता ही जाईल आणि सगळे मिटेल. पण साहेबांच्या हाताने शिकलेले पहिले अक्षर त्यांना आठवले. हात हातात धरून गिरवून घेतले होते. माणसे ट्रकमध्ये भरणारा तोच हात.

"अक्षदा, तिसरा मी."

ती वळली. तिचे तोंड उतरले. तिने आधी बाहेरचे दार लोटून घेतले.

"चाचा, मी हे ऐकलंच नाही असं करू का? अर्शदचं मला माहीत आहे."

"नको. लिही."

तिने लिहिले, वाचून दाखवले. एव्हाना चाची घावनाचे ताट घेऊन आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. किती वेळापासून, कोण जाणे. त्यांनी ताट खाली ठेवले.

"अर्शदला तुमीच सांगा," त्या म्हणाल्या. "माज्याच्यान नाय होनार."

चाचांनी सही केली. खाली पत्ता लिहायचा होता. तोही त्यांनी गल्ली आणि घर नंबरासकट नीट लिहून दिला.