आधी अंगठा बघा

“काकू, तुम्ही वेड्यांच्या हॉस्पिटलात होतात का?”

काउंटरवरची पोरगी हे ओरडून बोलली. भरल्या हॉलात. माझ्या बाजूला आमच्याच पूर्णगडातली एक बाई बसलेली. तिने आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली.

मी त्या खाजगी हॉस्पिटलात गेले होते अंगठा दाखवायला. मिरजोळ्याच्या कारखान्यात मासळी साफ करते मी. शिंगाळ्याचा काटा उजव्या अंगठ्यात घुसून आतच मोडलेला. अंगठा सुजून टम्म. पोरगी म्हणाली, मोबाईलवर ओटीपी आलाय तो सांगा. सांगितला. गॅसवाल्याला सांगतो तसा. कशासाठी ते ती मेली बोलली नाही.

त्या आकड्यांनी माझं सगळं उघडलं. माझी मुलगी पाळण्यातच गेली होती. तेव्हा झोप नाही, घास उतरत नाही, अशी गत. सरकारी दवाखान्यात गोळ्या घेतल्या, बरी झाले. तिथेच माझा हेल्थ आयडी काढलेला, त्यात हे सगळं लिहिलेलं. त्या गोळ्यांचं आईशिवाय गावात कुणाला ठाऊक नव्हतं. ते या खाजगी हॉस्पिटलाच्या कॉम्प्युटरवर आलं आणि तिथून हॉलभर झालं.

डॉक्टरने कॉम्प्युटर वाचला. अंगठ्याला हात लावला नाही.

“काटाबिटा काही नाही. तुम्हाला तसं वाटतं. गोळ्या पुन्हा सुरू करा.”

“डॉक्टर, दाबून तरी बघा.”

“घरचं कुणी आलंय का सोबत?”

मी मुकाट उठले. आग लागो त्या मुकाटपणाला! मी एसटीतून उतरायच्या आधी गावात बातमी पोचलेली. नळावर बायका मला बघून गप्प व्हायला लागल्या. अंगठा काळा पडला. शेवटी सरकारी दवाखान्यात चिरला, तेव्हा पुवाबरोबर काटा निघाला. अंगठ्याचं टोक मात्र कापावं लागलं. आता सुरी धरता येत नाही. सुरीवरून काढून मला बर्फ भरायला लावलंय.

त्याआधी परत कामावर घ्यायला कारखान्याला त्याच, त्यांनी ठरवलेल्या डॉक्टरची सही हवी होती. गेले. तोच हॉल, तीच पोरगी.

“काकू, ओटीपी.”

“नाही देत.”

“सिस्टिमला लागतो.”

“लागू दे. मला विचारलंस का, काय उघडणार, कोण वाचणार?”

“मग डॉक्टर बघणार नाहीत.”

“मागल्या वेळी दिला होता की. तेव्हा तरी कुठे बघितलं?”

आवाज चढला माझा. डॉक्टर दारात आला. मी थोटा अंगठा त्याच्या तोंडासमोर धरला.

“आधी अंगठा बघा. बाकी काय सांगायचं ते मी सांगेन.”

सगळा हॉल बघत होता. बघू दे. डॉक्टरने मान खाली घातली आणि माझा हात हातात घेतला. फार उशीर केलास, मेल्या.

एका दवाखान्यातलं दुसऱ्यात जाऊ दे, माझी ना नाही. पण मला विचारून जाईल. माझ्या मेलेल्या लेकीचं नाव माझ्या परवानगीशिवाय आता कुठल्याच काउंटरवर उघडणार नाही. वेडी म्हणायचं तर म्हणा.