दिलीपच्या खोक्यातल्या कॅसेटी

यातलं मला नेमकं किती आठवतंय आणि किती मी नंतर मनाने भरलंय, हे खात्रीने सांगता येणार नाही. गणितात पीएचडी केली, जन्मभर कॉलेजात मुलांना "सिद्धता द्या" म्हणून छळलं, आणि आता स्वतःच्याच आठवणींची सिद्धता देता येत नाही! पण चार रिकामटेकडी माणसं दर रविवारी दुपारी एका टीव्हीसमोर बसली, की किस्से साचतातच. माळ्यावरच्या सामानासारखे. कोणी कधी ठेवले कळत नाही, एक काढायला जावं तर दहा अंगावर येतात.

चार माणसं म्हणजे दिलीप, त्याची बायको कुंदावहिनी, आप्पा आणि मी. दिलीप सिन्नरच्या एका कारखान्यातून मेंटेनन्स सांभाळून निवृत्त झालेला. आप्पांची मखमलाबादकडे झेंडूची शेती. मी कॉलेज रोडवरच्या फ्लॅटमध्ये एकटा.

माझ्या थोरल्या भावाला शेवटी आमची नावंसुद्धा आठवत नव्हती. त्यामुळे गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मला घाम फुटायचा. पुण्याच्या मुलीने बजावून ठेवलं होतं, "बाबा, जरा काही वेगळं वाटलं, की फ्लॅट बंद करायचा आणि माझ्याकडे यायचं. ठरलं म्हणजे ठरलं!" मला नाशिक सोडायचं नव्हतं. म्हणून रविवारी सगळे टीव्हीकडे बघायचे आणि मी स्वतःवर पहारा ठेवायचो.

*

दिलीप नोकरीत असताना ट्रेनिंगसाठी जपानला गेला होता. येताना जुन्या बाजारातून व्हिडिओ गेमचं मशीन आणि खोकाभर कॅसेटी घेऊन आला. सगळ्या कॅसेटींवर एकाच कंपनीचा शिक्का. "एक कंपनी म्हणजे एका पद्धतीचा माल. एक खेळ शिकलो की सगळे आले!" हा त्याचा कारखान्यातला हिशेब.

पहिली कॅसेट लावली, तर मासेमारी. दुसरीत कुस्ती. तिसरीत भाताची लावणी. मग विमानांची लढाई, मग शेवया शिजवायचं हॉटेल, मग गोल्फ!

आप्पा म्हणाले, "दिलीपराव, ही कंपनी हाय का आठवडी बाजार?"

सूचना सगळ्या जपानीत. चौघांपैकी कोणाला एक अक्षर वाचता येत नव्हतं. बाकीच्यांना त्यात मजा वाटायची. मला मात्र प्रत्येक नवी कॅसेट म्हणजे अभ्यासक्रम न सांगता घेतलेली परीक्षा.

*

एका कॅसेटमध्ये रेल्वे चालवायची होती. स्टेशनात गाडी खुणेवर थांबली पाहिजे. गाडी पुढे जाईल या धास्तीने मी इतका आधी ब्रेक लावला, की ती भातशेतात उभी राहिली.

"सर," दिलीप म्हणाला, "लोकांनी नाशिकरोडचं तिकीट काढलंय. तुम्ही देवळालीलाच उतरवताय!"

मी गडबडून ब्रेक सोडला. गाडी सुसाट निघाली आणि आख्खं स्टेशन मागे टाकून गेली.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "राहू द्या. आता पुढच्या ओढा स्टेशनला उतरून चहा घेऊ."

*

दुसरी एक कॅसेट कॉलेजातल्या मुलीशी मैत्री करण्याची. ती काहीतरी विचारायची आणि खाली तीन उत्तरं यायची. दिलीप न बघता पहिलं बटण दाबायचा. थोड्या वेळात मुलगी डोळे पुसत निघून जायची.

"अहो, तिने काय विचारलं ते तरी बघा!" वहिनी करवादल्या.

"जपानीत आहे गं!"

"मराठीत असतं तेव्हा तरी कुठे बघता!"

सगळे हसले. मीही हसलो आणि मधेच थांबलो. हे सगळं मागच्या रविवारीही झालं होतं का? की मला उगाच तसं वाटतंय? मी हळूच आप्पांना विचारलं.

"सर, ती पोरगी दर रविवारी रडतीया," आप्पा म्हणाले. "तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

*

खंडेनवमीला दिलीपने कारखान्यातल्या रिवाजाप्रमाणे गेमच्या मशीनची पूजा मांडली. आप्पांनी झेंडूची माळ आणली. वहिनींनी हळदकुंकू वाहिलं, अगदी सढळ हाताने.

पुढच्या रविवारी विमानांची कॅसेट लावली. विमानं उलटी उडायला लागली. ढगांतून अक्षरांचे तुकडे गळत होते. मी डोळे मिटले, उघडले. तेच! कोणीच काही बोलत नव्हतं. म्हणजे हे मला एकट्यालाच दिसतंय?

तेवढ्यात आप्पा म्हणाले, "आजची लढाई लय घनघोर हाय!"

माझा जीव भांड्यात पडला. दिलीपने मशीन उघडलं. कॅसेट बसवायच्या खाचेत कुंकू गच्च भरलेलं!

वहिनी म्हणाल्या, "तुमच्या कारखान्यातली मशीनं दसऱ्यानंतर का बंद पडायची, ते कळलं आता!"

*

सगळ्यात वाईट कॅसेट भुताच्या घराची. लांबलचक काळोखा बोळ आणि शेवटी एक दार. दार उघडलं की केस सोडलेली बाई अंगावर यायची.

आप्पांच्या मळ्यात बिबट्या येतो. तरी ते पाणी द्यायला एकटे जातात. पण या दाराशी आले की रिमोट माझ्या हातात! म्हणायचे, "बिबट्या परवडला, सर. तो दारामागं लपून वाट नाय बघत!"

त्या दिवशीही ते असंच म्हणाले आणि चहाला आत गेले. दिलीप आणि वहिनी स्वयंपाकघरातच होते. मी दारासमोर एकटा. अंगठा बटणावर, पण दाबवेना. आत त्यांचा चहा उकळला, गाळला, पिऊनही झाला. मी तसाच.

आणि दार आतून उघडलं.

एक म्हातारा बाहेर आला. कमरेत वाकून त्याने मला नमस्कार केला, दार ओढून घेतलं आणि बोळातून निघून गेला.

मी ओरडलो. तिघं धावत आले. बोळ रिकामा. दिलीपने बटण दाबून दार उघडलं. आत तीच बाई.

"सर, ह्यात म्हातारा नाहीच," तो हळू आवाजात म्हणाला. "किती वेळा खेळलोय आपण."

त्याने खेळ पहिल्यापासून पुन्हा खेळून दाखवला. त्या घरातलं एकेक दार धडाधड उघडत गेला. म्हातारा कुठेच नव्हता. माझी कोणी चेष्टा केली नाही. मी खरा घाबरलो तो तेव्हा.

मुलीला मीच फोन केला. डॉक्टरांनी विचारलं, "भास होतात?" मी म्हाताऱ्याचं सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात फ्लॅटला कुलूप लागलं. निघताना आप्पा गाडीच्या खिडकीशी आले, पण काही बोलले नाहीत. आप्पा, आणि गप्प!

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. परवा पुण्यात मुलीच्या हॉलमध्ये बसलो होतो, तर दिलीपचा व्हिडिओ कॉल. त्याच्या जुन्या कारखान्यात जपानहून पाहुणे आले होते. त्यातल्या एकाला त्याने घरी जेवायला बोलावलं होतं. खोका बघून तो गृहस्थ लहान मुलासारखा खूश झाला म्हणे, आणि नेमकी हीच कॅसेट काढून बसला.

"सर, नुसतं बघा," दिलीप म्हणाला. "पाहुणे म्हणतात, कोणी बटणाला हात लावायचा नाही."

त्याने फोन टीव्हीकडे धरला. तोच बोळ, तेच दार. बराच वेळ काहीच हललं नाही. मागून आप्पांचा आवाज आला, "मी बाहेर बसतो बरं का!"

माझी मुलगी चहाचा कप घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिली. फोनमध्ये वाकून बघत तिने विचारलं, "बाबा, हे नमस्कार करतायत ते आजोबा कोण?"