हाजरी पुरी नाई

माझ्या बायकोच्या मामांनी जन्मात कधी कुणाचं ऐकलंच असेल तर ते अगदी लहानपणी, आणि त्याचा साक्षीदार आता कुणी हयात नाही. आमच्या ओळखीत तरी हा माणूस डॉक्टरचं ऐकत नाही, हवामानखात्याचं ऐकत नाही आणि एसटीच्या कंडक्टरचं तर मुद्दाम ऐकत नाही. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, त्याच दिवशी घरी येऊन त्यांनी लोणच्याची बरणी पुढ्यात ओढली आणि मामींना म्हणाले, "तो पोरगा कालचा. मी जंगलात मीठ-मिरची खाऊनच जगलो, हे त्याले का माहीत?" मामा वनरक्षक होते. सारी नोकरी मुलचेऱ्याकडच्या जंगलात गेली. साहेब सांगतील त्याला मान डोलवायची आणि मग जंगल सांगेल तसं करायचं, ही त्यांची रीत. त्यामुळे आपल्याला बढती मिळाली नाही, पण आपल्या हाताखाली एकही माणूस हरवला नाही, असं ते छाती पुढे काढून सांगतात.

माणूस न हरवण्याचं सगळं श्रेय ते हजेरीला देतात. गस्तीला निघताना जंगलाच्या तोंडाशी प्रत्येकाचं नाव घ्यायचं, बाहेर पडताना पुन्हा घ्यायचं. एक जरी कमी भरला तरी कुणी पाऊल उचलायचं नाही. निवृत्तीनंतर जंगल सुटलं, हजेरी काही सुटली नाही. मामा घरच्यांना घेऊन कुठंही निघाले की दारात आमची रांग लागते. वऱ्हाडात हजेरी, दवाखान्यात हजेरी. एकदा तर स्मशानातून परततानाही त्यांनी नावं पुकारली, तेव्हा एका म्हाताऱ्या नातेवाईकानं अक्षरशः हात जोडले. मी नवा जावई होतो तेव्हा माझं नाव आल्यावर मी नुसता हसलो. मामा थांबले आणि म्हणाले, "जवाई, हासणं म्हणजे हजर नाई. तोंडानं बोला." मी शिकलासवरलेला माणूस, सासुरवाडीच्या अंगणात ताठ उभा राहून "हजर" म्हणालो. बायको अजून ते चारचौघांत सांगते आणि मला अजून राग येतो. स्वतःचं नाव मात्र मामा कधीच पुकारत नाहीत. नावं घेणारा समोर उभा आहे म्हणजे तो आहेच, असं त्यांचं म्हणणं.

या हजेरीत दोन कुत्रीही असतात. धाकटी चारोळी, तिला काही समजत नाही, ती सगळ्यांच्याच नावाला भुंकते. थोरला रेंजर. आयुष्यभर रेंजरसाहेबांचे हुकूम ऐकले, आता एका रेंजरनं तरी आपला हुकूम ऐकावा, एवढ्यासाठी मामांनी ते नाव ठेवलं. एकदा खरेखुरे निवृत्त रेंजरसाहेब चहाला आले असताना मामा आतून कुत्र्यावर ओरडले, "रेंजर, चप्पल सोड आधी", आणि साहेबांनी बिचाऱ्यांनी मुकाट्यानं चपला काढून ठेवल्या. पण या कुत्र्याबद्दल मामांच्या मनात जे आहे ते थट्टेचं नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षी, मोहफुलांच्या दिवसांत गस्तीवर असताना मामांच्या समोर अस्वल उभं राहिलं, तेव्हा हा मध्ये घुसला. मामा धड घरी आले, रेंजरचा अर्धा कान जंगलातच राहिला. आता त्याचे दोन्ही डोळे पांढरे झालेत आणि घरातल्या घरातही तो खाटेवर आपटतो.

आपटत नाही तो फक्त बागेत. मामांच्या गावात गोंडराजांच्या काळची मोठी बाग आहे. दगडी परकोट, कमानीचं दार, आत जुन्या चिंचा आणि मधोमध पायऱ्यांचं तळं. दर रविवारी सकाळी मामा, मामी, मी, बायको, आमची लेक आणि दोन कुत्री अशी पार्टी तिथं जाते. त्यासाठी आम्ही सिंदेवाहीहून शनिवारीच येऊन राहतो, कारण रविवार चुकवायचा तर मामांना कारणासकट रजेचा अर्ज द्यावा लागतो. मी एकदा दिला होता, नामंजूर झाला. कमानीतून आत शिरलं की रेंजर दोरीला ओढ देत, धुळीच्या वाटेवरून एकही पाऊल न चुकता तळ्यापर्यंत जायचा, पाणी प्यायचा आणि खालच्या पायरीवर उन्हात अंग टाकायचा. तेवढा वेळ तो आंधळा नसायचा. मामा त्याच्या शेजारी बसून राहायचे, आणि तेवढाच वेळ आमच्या घरात शांतता असायची.

गेल्या उन्हाळ्यात बागेचं काम निघालं आणि कमानीवर पाटी लागली, पाळीव प्राण्यांना प्रवेश नाही. दारावरचा चौकीदार भला माणूस. तो म्हणाला, "भाऊ, तुमी जा न आत. कुत्रे इथी बांधून ठेवा, मी पाहतो."

"हाजरी पुरी नसन त पारटी आत जात नाई," मामा म्हणाले.

"मंग का करता?"

"बसतो."

आणि आम्ही बसलो. पाटीच्या बरोबर खाली, मातीत सतरंजी टाकून, सगळे. मामींनी डब्यातल्या सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, काढल्या. मला वाटलं, एक रविवार रुसतील आणि विसरतील. कसलं काय. पावसाळा गेला, पोळा गेला, दिवाळी गेली, आम्ही आपले दर रविवारी पाटीखाली. पाऊस असला की छत्र्या घेऊन. मामी दर वेळी बडबडायच्या, "घरी बसाले जागा नाई का? सारं गाव पाहून राह्यलं." माझ्या ऑफिसातल्या एकानं मला तिथं पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जी दया आली ती मी विसरणार नाही. शेवटी मीच धीर करून म्हणालो, मामा, कुत्री घरी ठेवली तर? मामा म्हणाले, "जवाई, पुढच्या रविवारी तुमचं नाव चारोळीच्या मांगून घेईन." आणि खरंच घेतलं.

एकदा बागेच्या कामावरचे एक साहेब समजावायला आले. नियम म्हणजे नियम, म्हणाले. मामा उठले, त्यांनी रेंजरचा उरलेला कान दोन बोटांत धरला. "साहेब, याचा अर्धा कान सरकारी कामात गेला. सरकारनं याले पेन्शन नाई देल्ली, मी मांगतबी नाई. याले त्या पायरीवर बसू द्या, बस. मरेपर्यंत. मंग तुमची पाटी तुमाले मुबारक." साहेब आले तसे गेले. पण फिरायला येणाऱ्या बायकांनी ते ऐकलं होतं, आणि कुत्र्याला आत कधी घेता, असं त्या दर सकाळी साहेबांना विचारू लागल्या. संक्रांत झाल्यावर एका रविवारी चौकीदार आपणहून पुढं आला आणि पाटीवरची नवी ओळ दाखवली. सकाळी नऊपर्यंत, दोरी बांधून, कुत्र्यांना प्रवेश.

पुढच्या रविवारी मामा जुना खाकी शर्ट घालून आले. कमानीसमोर हजेरी झाली. रेंजर आपल्या नावाला घोगरं एकदा भुंकला. आम्ही ऐटीत आत शिरलो, चौकीदारानं सलामही ठोकला. आणि दोन पावलांवर रेंजर थांबला. धुळीच्या वाटेच्या जागी गुळगुळीत सिमेंटचे गट्टू बसवले होते. त्यानं एक पाय पुढं टाकला, हुंगलं, पाय मागं घेतला. "चाल न बे, आपलंच हाये," मामा म्हणाले. त्यांनी ओंजळभर माती आणून गट्टूवर पसरली. त्यानं ती हुंगली आणि तो थरथरायला लागला. मग वळला, भिंतीला अंग घासत बाहेर आला आणि पाटीखालच्या आमच्या नेहमीच्या जागी येऊन, एक गिरकी घेऊन बसला.

मामा हाताची माती झटकत कमानीत उभे होते. "ज्या वाटेसाठी भांडलो ते वाटच नाई राह्यली," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. मग त्यांनी हुकूम सोडला, "तुमी जा आत. पोरीले तळं दाखवा. आमी दोघं इथी हावो."

एवढे महिने बडबडणाऱ्या मामींनी माझ्या खांद्यावरची सतरंजी ओढली आणि मातीत अंथरली.

"जा म्हटलं न," मामा म्हणाले.

"नाई जात."

"काऊन?"

"हाजरी पुरी नाई." मामी सतरंजीवर बसल्या आणि एकेकाचं नाव घेऊ लागल्या. मी हजर म्हणालो, बायको म्हणाली, लेक म्हणाली, चारोळी सगळ्यांसाठी भुंकली. रेंजरनं शेपूट आपटली, ती मामींनी चालवून घेतली. मग त्या थांबल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी उभ्या जन्मात तोंडानं घेतलेलं नाही. "गार्डसायेब," त्या म्हणाल्या.

मामा रेंजरच्या डोक्यावर हात ठेवून खाली बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

"आबा, तोंडानं बोला," आमची लेक म्हणाली.

"हजर," मामा म्हणाले आणि सतरंजीच्या कडेला बसले. पाटीवर लिहिलेले नऊ वाजून गेले, चौकीदार दोनदा येऊन बघून गेला, आम्ही तिथंच वड्या खात बसलो होतो.