उतारावर ऐकलेली हाक

हे लिहू की नको, यात एक वर्ष गेलं. माझी नोकरीच मोजमापांची आहे. रुळांवरून गाडी गेली की किती कंप होतो, कुठे होतो, का होतो, हे शोधण्यात बावीस वर्षं गेली. लखनौला मानक नगरच्या कॉलनीत राहतो, मूळचा कागलकडचा. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत जाणारा माणूस. तेव्हा खाली लिहिलंय ते मी मानतो की नाही, हे विचारू नका. जे झालं ते सांगतो.

गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. माझा मुलगा ईशान, वय एकोणीस, याने इंजिनिअरिंग पहिल्याच वर्षी सोडलं. त्यानंतर पाच महिने आमच्यात बोलणं म्हणजे "जेवलास?" आणि "हाँ." तो लखनौतच जन्मला-वाढला, त्यामुळे मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. शेवटी बायको म्हणाली, दोघं कुठेतरी जाऊन या, माझे गुडघे नाही म्हणतात. मग उत्तराखंडात मुनस्यारीचा एक ट्रेक ठरवला. एक दिवस चढायचं, वरच्या शौका या पहाडी जमातीच्या गावात एका घरी मुक्काम, दुसऱ्या दिवशी उतरायचं. आम्ही दोघं आणि गाईड हरीश, एवढेच.

हरीश पस्तिशीचा, खालच्या कुमाऊनी गावातला, मोजकं बोलणारा. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. पंधरा-वीस घरं, त्यातली बरीच थंडीसाठी आधीच रिकामी झालेली. लोक सामान बांधून खालच्या गावी उतरतात. आम्ही ज्यांच्याकडे राहिलो त्या अम्मा सत्तरीच्या असाव्यात. मुलगा फौजेत, सून नातवंडांच्या शाळेसाठी मुनस्यारीत. अम्मा एकट्याच मागे थांबल्या होत्या, मागावरचा गालिचा पुरा झाल्याशिवाय उतरायचं नाही म्हणून. आमच्याशी त्या तुटक हिंदीत बोलायच्या. मिठाचा चहा दिला, राजमा-भात वाढला. ईशानने मागाबद्दल विचारलं तर त्याला शेजारी बसवून गाठ कशी मारायची ते दाखवलं. मी पाच महिन्यांत त्याला इतका वेळ एका जागी बसलेला बघितला नव्हता... आणि खरं सांगायचं तर मला थोडं लागलंही. माझ्याजवळ का नाही बसत, असं.

सकाळी आठला निघालो. अम्मा दारात उभ्या होत्या, ठणठणीत. "फिर आना बेटा," ईशानला म्हणाल्या.

लख्ख ऊन होतं. धुकं नाही, वारा नाही. गावानंतर वाट डोंगराची एक धार ओलांडते आणि पलीकडच्या अंगाने खाली उतरते, तिथून गाव दिसत नाही. साधारण तासभर चाललो असू. पुढे हरीश, मध्ये ईशान, मागे मी. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. हे पक्कं आठवतं, कारण काठगोदामहून लखनौची रात्रीची गाडी चुकू नये म्हणून मी सारखं घड्याळ बघत होतो.

मागून हाक आली. बाईची. वीसेक पावलांवरून यावी तशी.

आम्ही तिघेही एकाच क्षणी थांबलो आणि मागे वळलो. कुणी कुणाला काही सांगायच्या आधी. वाट रिकामी होती.

"अम्मा हैं," हरीश म्हणाला. "कुछ छूट गया होगा आपका।"

सॅका उघडल्या. चार्जर, औषधं, पाकीट, ईशानची टोपी, सगळं जागेवर. मी म्हटलं, काही राहिलेलं नाही, चला, खाली जीप थांबलीये. हरीशही वाटेकडे बघत घुटमळला, म्हणाला, धारेच्या पलीकडून इथवर आवाज यायला नको खरं तर.

ईशान मात्र सॅक पाठीला लावून उलटा चढायला लागला होता.

"अरे कुठे चाललास?"

"देख के आता हूँ।"

"तासाचा चढ आहे. गाडी जाईल."

"तो आप जाइए, पापा।"

तो वळूनही बघत नव्हता. मला राग आला. हे असंच, प्रत्येक गोष्ट अर्ध्यावर सोडायची, असंही काहीतरी मी मोठ्याने बोललो. आता ते आठवलं की कसंतरी होतं. पण त्याला एकट्याला सोडणार कसं... मी आणि हरीश त्याच्या मागे निघालो.

सव्वादहाला घरापाशी पोचलो. दार उघडं होतं. अम्मा चुलीजवळ कुशीवर पडल्या होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा. डोळे उघडे. आम्हाला बघून त्यांनी ओठ हलवले, पण शब्द नाही, नुसता घशातून आवाज. ईशान त्यांच्यापाशी बसला आणि त्यांचं डोकं त्याने मांडीवर घेतलं. हरीश वरच्या घरांकडे पळाला. दोन माणसं सापडली, ती खालच्या गावी जायला निघतच होती. घोंगडीची झोळी करून, खांदे बदलत आम्ही अम्मांना रस्त्यापर्यंत आणलं. धारेवर फोन लागला म्हणून जीप तयार होती. मुनस्यारीतून पुढे पिथौरागढचं हॉस्पिटल. लखनौची गाडी चुकलीच, पण मला तिची आठवणही राहिली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, पक्षाघात. संध्याकाळपर्यंत तशाच राहिल्या असत्या तर काही खरं नव्हतं.

हॉस्पिटलबाहेर तिघे चहा घेत होतो. हरीश म्हणाला, "एक बात समझ नहीं आई। अम्मा मुझसे हमेशा हिंदी में बोलती हैं। आज हमारी कुमाऊँनी में बुलाया, कि तुम लोगों का कुछ छूट गया है। एकदम जैसे मेरी नानी बोलती थी।"

मी कप खाली ठेवला. कारण मी जे ऐकलं होतं ते असं – "अवो पावणं, तुमचं काय तर ऱ्हायलंय बगा." आमच्या कागलकडची बोली. माझी बायको पुण्याची, घरात प्रमाण मराठी. ही भाषा लखनौत माझ्या कानावर कधी पडत नाही. तेव्हा वाटेत मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं, हेही मला तिथे बसल्यावर कळलं.

ईशानकडे बघितलं. तो म्हणाला, "मैंने तो हिंदी में सुना। सुनिए, आपका कुछ छूट गया है।"



माझा मेहुणा डॉक्टर आहे. तो म्हणतो, एखादा पक्षी ओरडला असेल, मेंदू त्याचे शब्द करतो. करत असेल. पण तीन मेंदूंनी एकच वाक्य केलं, तेही आपापल्या भाषेत? आणि अम्मा तर तेव्हा बोलूच शकत नव्हत्या... की तेव्हा नुकत्याच पडत होत्या? वेळ मी कागदावर मांडून बघितली. काही जुळत नाही.

अम्मा आता मुनस्यारीत सुनेजवळ असतात, थोडं बोलतात. मी हरीशला फोनवर विचारायला लावलं. त्यांचं उत्तर त्याने जसंच्या तसं सांगितलं. "मी कुणाला हाक मारली नाही, तुम्ही तर गेला होतात."

तेव्हापासून रस्त्यात मागून कुणी हाक मारली की मी थांबतो. बहुतेक वेळा ती दुसऱ्याच कुणासाठी असते. तरी थांबतो. ऑफिसात हसतात.

मागच्या महिन्यात ईशानला एकदा विचारलंच, तू परत वर का गेलास? मला तर गाडीची पडली होती.

तो म्हणाला, "मुझे भी पड़ी थी, पापा। घबराई हुई आवाज़ होती तो शायद सोचता कि वहम है। पर वो बुला नहीं रही थी। बस बता रही थी... जैसे पता हो कि हम नहीं लौटेंगे। इसीलिए लौटा।"

 तुमच्यापैकी कुणाला याचा अर्थ लागला तर सांगा.