मुक्ताबाईचं कार्टूनचं पारायण

तर मुक्ताबाई आंघोळ करून टीव्हीपुढं पाट मांडून बसली, इथवर काल आलो होतो. पण तिला तिथं बसायला एवढी वर्षं का लागली, हे सांगायचं राहूनच गेलं.

मुक्ताबाई आमच्या शेजारची, नात्यानं माझी वहिनी. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात पारायणाला बसावं ते तिनंच. पोथी उघडली की शेवटपर्यंत सोडायची नाही आणि अध्याय चालू असताना उठायचं नाही, हा तिचा नियम. एकदा वाचताना शेळीनं समोरचा नैवेद्य पळवला. बाईनं नुसता हात उगारला, ओवी तोडली नाही. शेळी गेली, पोळी गेली, ओवी राहिली.

तिची नात निकिता. तिला एका जपानी कार्टून मालिकेचं भलतंच वेड. राक्षसानं गावची घंटा पळवलेली आणि एक पोरगा ती शोधत डोंगरोडोंगरी हिंडतोय, अशी ती गोष्ट. निकिता दर सुट्टीत मागं लागायची, "आजे, एकच भाग बघ ना माझ्यासंगं."

मुक्ताबाई विचारायची, "संपली का गं गोष्ट?"

"नाही, तिकडं अजून काढतायत."

"मग न्हाई. शेवट नसलेली पोथी मी उघडत नसते."

लोकांना वाटायचं, म्हातारीला कार्टूनचा तिटकारा. तसं नव्हतं. मिरच्या वाळत घालताना एकदा मला म्हणाली, "भावजी, माझी सत्तरी उलटली. गोष्ट गोड लागली अन् मधीच बोलावणं आलं, तर जीव त्या पोरात अडकंल." हसावं की नाही, कळेना. मी आपला मिरच्या पसरत राहिलो.

यंदा निकिताचा नर्सिंगला नंबर लागला, तोही नाशकात. ती जायच्या आधी गावात सप्ताह होता. सप्ताहात वीणा खाली टेकवत नाहीत. एकाची पाळी सरली की दुसऱ्याच्या गळ्यात. दुपारचा पहारा बायकांचा. मुक्ताबाईनं पाळी संपवली आणि वीणा नातीच्या गळ्यात घातली. पोरगी तिथंच म्हणाली, "आजे, तू दमलीस म्हणून भजन थांबलं का? तुझ्यानं गोष्ट नाही संपली, तर तुझ्या वाटची मी बघीन."

सप्ताह उठला, काला झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाट मांडला गेला. वर उदबत्ती!

सून रेश्मा म्हणाली, "अहो आत्या, कार्टूनला उदबत्ती?"

"अगं, गोष्ट हाय ना ती?"

मीही कोपरा धरला. हिंदीतून चाललेलं. पहिला भाग बाईनं तोंड मिटून बघितला. दुसऱ्यात गुरूनं पोराला उपाशीपोटी धबधब्याखाली उभं केलं, तशी म्हणाली, "ह्या गुरूच्या घरात बाईमानूस न्हाई का कुनी?" राक्षस आला तेव्हा हात चपलेकडं गेला. पण उठली नाही! निकिता पोट धरून लोळत होती. भाग संपला तशी आजीनं तिला कोपरानं ढोसलं, "हसतीस काय? लाव म्होरला!"

आता निकिता नाशकात असते. संध्याकाळी फोन करून दोघी एकदमच भाग लावतात. परवा पुणतांब्याचे पाहुणे आले, तर भाग सरेपर्यंत चहासुद्धा नाही. बिचारे तेही बघत बसले आणि जाताना राक्षसाचं पुढं काय होतं ते विचारून गेले.

मी म्हटलं, "वैनी, गोष्ट तर अजून तिकडं काढतायत. आता मधीच बोलावणं आलं म्हंजी?"

पडद्यावरची नजर न काढता मुक्ताबाई म्हणाली, "यिऊ दे की, भावजी. वीणा निकिताच्या गळ्यात हाय. पर यमाला म्हनावं, दारात थांब जरा, भाग चालू असताना आमी उठत न्हाई."