होती तशीच पाठवली

पंचायत समितीत दाखले देणारी ती बाई फोनवर बोलतानाही हात नाचवते. दोन दिवसांत लघुपट करायच्या स्पर्धेसाठी आम्ही हौशी मंडळींनी तिला आईची भूमिका दिली. मुदत संपायला तासभर उरला असताना दिग्दर्शक म्हणाला, "ताई, परीक्षक पुण्याचे आहेत. त्यांना आपला रत्नागिरीचा हेल गावठी वाटेल. तुमचे संवाद शुद्ध मराठीत पुन्हा रेकॉर्ड करू."

तिने शांतपणे चष्मा पुसला. "आमची आय असंच बोलायची. ती काय अशुद्ध होती?"

मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं. तिने माझ्यापुढचा लॅपटॉप ओढला आणि फिल्म होती तशीच पाठवून दिली.

बक्षीस मिळालं नाही. पुढच्या स्पर्धेची गोष्ट आता ती स्वतः लिहितेय. परवा पहिलं पान हातात देताना मला म्हणाली, "गुरुजी, वाचा. पण लाल पेन खिशातच ठेवा."